गुरुजी उठेपर्यंत

“गुरुजी, मठ्ठा वाढू?”

“अर्धा द्रोण वाढ, बाळ.”

हा त्यांचा चौथा अर्धा द्रोण होता. मी बादली टेकवली, पेला बुडवला आणि वाढता वाढता माजघराच्या दारातून आत बघून घेतलं. काकांच्या कपाटावरचं गजराचं घड्याळ तिथून बरोबर दिसायचं. दोनला दहा कमी. पावणेतीनची एसटी गावाबाहेर फाट्यावर यायची आणि फाटा घरापासून चांगला वीस मिनिटांच्या वाटेवर. ती चुकली की साताऱ्याला जायला दुसऱ्या दिवशी सकाळची नऊची गाडी, दोन तासांचा रस्ता. माझी अध्यापिका विद्यालयातली मुलाखत होती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

गोष्ट सदुसष्ट सालची, माझी चुलतबहीण शकू हिच्या लग्नातली. मी एकोणीस वर्षांची. मांडवात पहिल्या पंगतीला पन्नास पुरुष बसले होते आणि त्यांचं जेवण उरकून पंधरा मिनिटं झाली होती. पन्नास उजवे हात वाळत होते. पत्रावळीवर मीठसुद्धा उरलं नव्हतं. पण उठायचं कोणी नाव घेत नव्हतं, कारण पंगतीच्या टोकाला बसलेले खटावकर गुरुजी अजून उठले नव्हते.

गुरुजी म्हणजे आमच्या समाजाचे माजी अध्यक्ष, तीस वर्षं मुख्याध्यापक. वय अठ्ठ्याहत्तर. निम्मा मांडव त्यांच्या छड्या खाऊन मोठा झालेला. आणि ज्येष्ठ माणूस उठल्याशिवाय पंगतीतून उठायचं नाही, हा नियम गावात जर कोणी सगळ्यात कडक पाळत असेल, तर ते आमचे अण्णा. माझे वडील.

अण्णांचं बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान होतं. मामलेदारापासून पोस्टमास्तरापर्यंत सगळ्यांचे कोट त्यांनी शिवलेले, त्यामुळे मोठी माणसं कशी बसतात, कशी उठतात, हे आपल्याला जवळून ठाऊक आहे असा त्यांचा समज होता. चारचौघांत ते ‘नाही’ म्हणायचे आणि घरी आले की ‘न्हाई’. दुकानात आरशाशेजारी त्यांनी एक पुठ्ठा टांगला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘सभ्य स्त्री-पुरुषांसाठी सूचना’. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की बिचाऱ्याला हात वर करून तो अख्खा पुठ्ठा वाचावाच लागे.

पुरुषांनी रस्त्यात मधोमध उभे राहून गप्पा मारू नयेत. पाणवठ्यापाशी रेंगाळू नये. एसटीत बाईमाणूस उभे असता आपण बसू नये. स्त्रियांनी चारचौघांत पळू नये. मोठ्याने हसू नये. परक्या पुरुषाशी कामापुरते बोलावे, पण बोलावे तेव्हा स्पष्ट बोलावे. असं बरंच. सगळ्यात लाडकं कलम मला अजून पाठ आहे: ‘स्त्री अडखळून पडल्यास हसू नये. जवळच्या वयस्कर पुरुषाने हात द्यावा. तरुणाने पाणी आणावे.’ मी एकदा विचारलं होतं, “अण्णा, वयस्कर माणूस जवळ नसला तर त्या बाईनं तसंच पडून राहायचं का?” अण्णा गंभीरपणे म्हणाले होते, “गावात वयस्कर माणसं पुष्कळ आहेत.”

तर असे अण्णा. मुलीला शिकायला साताऱ्याला पाठवायचं हे मात्र त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, आईशी दोन महिने भांडून. अट एकच. पोचवायला ते स्वतः येणार. तरण्या मुलीनं एकटीनं प्रवास करणं त्यांच्या पुठ्ठ्यात बसत नव्हतं. मुलाखतीचं पत्र त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हाताने ते दर दोन मिनिटांनी चाचपून बघत होते. कपाळावर घाम आला होता. पण मांडी हलत नव्हती.

मठ्ठा वाढायच्या निमित्ताने मी त्यांच्यापुढे वाकले.

“अण्णा, गाडी.”

“दिसतंय मला घड्याळ.”

“मग उठा की.”

“गुरुजी बसलेत.”

“तुम्ही एकटे हळूच मागच्या मागे...”

“सिंधू,” अण्णा ओठ न हलवता म्हणाले, “पन्नास माणसांसमोर मी गुरुजींच्या आधी उठलो, तर उद्या दुकानातला पुठ्ठा उतरवून चुलीत घालावा लागंल. पुढं हो. मठ्ठा सांडंल.”

चारचौघांत ‘लागेल’चं ‘लागंल’ झालं, त्यावरून त्यांची काय अवस्था होती ते मला कळलं.

आईला मात्र काही घाई नव्हती. गाडी चुकली तर तिला हवंच होतं. त्याच पंगतीत, अण्णांच्या समोरच्या रांगेत, फलटणचे माळवदे बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा, केसाला भरपूर तेल लावलेला. त्या काळी मुलगी बघायची ही एक सोयीची रीत होती. कुणाच्या तरी लग्नात तिला वाढायला लावायचं. कांदेपोहे नकोत, प्रश्नोत्तरं नकोत. मुलगी वाकते कशी, चालते कशी, हात सढळ आहे की नाही, सगळं दिसतं. माळवदेबाई माजघराच्या उंबऱ्यात बसून माझी परीक्षा घेत होत्या. आईनं सकाळपासून शंभरदा बजावलं होतं. मान खाली. बांगड्या वाजवायच्या नाहीत. पळी पत्रावळीला लावायची नाही. आणि काही झालं तरी सांडायचं नाही.

“पोरगी शांत आहे हो तुमची,” माळवदेबाई आईला म्हणाल्याचं मी येता-जाता ऐकलं. आईचा चेहरा फुलला.

तेवढ्यात काका आले. यजमान ते. आत बायकांची पंगत ताटकळलेली, नवरी सकाळपासून उपाशी, आमटी तिसऱ्यांदा गरम करायला ठेवलेली. पण यजमानाने पाहुण्याला ‘उठा’ कसं म्हणायचं? त्याला म्हणता येतं ते एकच. काका दर पाच मिनिटांनी गुरुजींपुढे हात जोडत आणि रडवेल्या तोंडाने म्हणत, “गुरुजी, सावकाश होऊ द्या.”

“सावकाशच चाललंय,” गुरुजी म्हणत आणि एखादी जुनी आठवण काढत. एकोणीसशे एकवीस सालचं अधिवेशन झालं होतं. बेळगावचं लग्न झालं होतं, ज्यात जिलब्या कमी पडल्या. आता ते स्वतःच्या मुंजीकडे निघाले होते. पन्नास माणसं माना डोलवत होती. मधेच कुणाचं तरी डोकं डोलता डोलता छातीवर टेकलं.

“म्हातारा जेवणाचा भारी लोभी गं,” आत गेले तेव्हा शकू मुंडावळ्या वर सारून म्हणाली. “सिंधे, त्याला विचारूच नकोस आता काही. वाढायचं बंद कर, म्हणजे उठेल.”

मलाही तसंच वाटत होतं. म्हणून पुढच्या फेरीला मी गुरुजींपाशी थांबलेच नाही, सरळ पुढे चालले. तर त्यांनीच हाक मारली.

“बाळ, थोडा भात आण.”

मी भात आणला. एक मूद. वाकून वाढताना पहिल्यांदाच त्यांच्या द्रोणाकडे नीट बघितलं. मठ्ठा भरलेला होता. चारही वेळचा. द्रोणातून पत्रावळीवर, पत्रावळीवरून मातीत गेलेला. भाताला त्यांनी बोट लावलं नाही. त्यांचा डावा हात मात्र पाटाच्या कडेला होता. काका लांब गेले, शेजारचे जांभई द्यायला वळले, तसा तो हात पाटावर दाबला गेला. बोटं पांढरी झाली. खांदे जरासे वर उचलले, थरथरले आणि पुन्हा खाली बसले. मग त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाले, “तर माझी मुंज झाली वाईला...”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

गुरुजींना उठता येत नव्हतं.

आणि सांगणार कुणाला? तासाभरापूर्वी काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची-टेबल मांडलं होतं, तर गुरुजींनी ते सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. वर पंगतीला छोटंसं भाषणही दिलं होतं. “ज्याला पंगतीत मांडी घालून बसता येत नाही आणि हात न टेकता उठता येत नाही,” ते म्हणाले होते, “त्यानं घरी बसून पथ्याचं खावं.” टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यात मोठी टाळी अण्णांची. आता तेच गुरुजी पाटावर अडकले होते, आणि त्यांच्यामुळे अण्णा, आणि अण्णांमुळे मी. त्या पन्नास पुरुषांतला कुणीही एक हात पुढे करता तर काम झालं असतं. पण पुरुषाने पुरुषाला, त्यातही गुरुजींना, न मागता हात द्यायचा म्हणजे ‘तुम्ही म्हातारे झालात’ असं तोंडावर सांगणं. गुरुजी मागणार नव्हते. आणि मी मुलगी. परक्या पुरुषाच्या हाताला हात लावायचा तर पुठ्ठ्यावर त्यासाठी एकच सोय होती.

खरं सांगायचं तर म्हाताऱ्याची दया मला नंतर आली. आधी आठवली एसटी. घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी आत जाऊन मठ्ठ्याची बादली उचलली. जवळजवळ भरलेली होती ती. उंबऱ्यातून बाहेर पडताना माळवदेबाई माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. आईनं पदराने डोळ्याची कड पुसली. एक क्षण माझे पाय अडले. आईचं ते तोंड बघून कुणाचेही अडले असते. मग मी मान खाली घालून, बांगड्या न वाजवता, शांतपणे चालत गुरुजींच्या पाटासमोर गेले आणि पडले.

पडायचा सराव नव्हता, त्यामुळे जरा जास्तच पडले. बादली घरंगळत समोरच्या रांगेत गेली. अर्धा मठ्ठा जमिनीने प्यायला आणि उरलेला माळवद्यांच्या गरम कापडाच्या नव्या कोटाने. “अगंबाई!” हे माळवदेबाईंचं. “सिंधूऽ!” हे आईचं. आणि त्या दोन आवाजांच्या मधे कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी गुडघ्यावर, गुरुजींच्या अगदी समोर. त्यांचा चेहरा हातभर अंतरावर.

“लागलं का, बाळ?”

“उजवा पाय मुरगळला, गुरुजी,” मी मोठ्याने, स्पष्ट म्हणाले. मग आवाज खाली आणला. “मला उठायला हात द्या. दोन्ही. घट्ट धरा.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेला माणूस तो. त्यांच्या डोळ्यांत आधी राग आला. नक्की आला, मी बघितला. मग तो गेला आणि जे आलं ते बघून मीच मान खाली घातली. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

“सखाराम!” त्यांनी अण्णांना खणखणीत आवाज दिला. “बसून राहा. वयस्कर माणूस जवळ असताना तुझी गरज नाही.”

अर्धवट उठलेले अण्णा पुन्हा बसले. आपलंच कलम कानावर पडल्यावर दुसरं करणार काय?

गुरुजींनी दोन्ही हात पुढे केले. उजवा खरकटा, वाळलेला. मी ते धरले, टाचा मातीत रोवल्या आणि सगळा जीव पणाला लावून मागे ओढ घेतली. बघणाऱ्यांना दिसलं असेल की एक म्हातारा एका मुलीला उठवतोय. मला फक्त त्यांच्या मनगटातली थरथर कळत होती आणि गुडघ्यांचा आवाज ऐकू येत होता. अर्ध्यावर आम्ही दोघंही डगमगलो. माझ्या मनात आलं, आता खरंच पडणार, दोघं मिळून. मग त्यांचा एक पाय सरळ झाला, दुसरा झाला, आणि खटावकर गुरुजी मांडवात ताठ उभे राहिले.

पुढच्याच क्षणी पन्नास माणसं उठली. दप्तर आवरायची घंटा झाल्यावर शाळा उठते तशी.

“हात धुवायला जाऊ,” गुरुजी म्हणाले. “माझ्या खांद्याचा आधार घे.” आणि स्वतःचा सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून ते चालायला लागले. मी उजवा पाय ओढत चालले. लोक बाजूला होऊन म्हणत होते, “बघा, या वयात! याला म्हणतात संस्कार.” मोरीपाशी पोचल्यावर त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कुठल्या गाडीनं जायचंय?”

“पावणेतीनच्या.”

“मग इथं काय करतेस?” ते म्हणाले. “पळ.”

चारचौघांत पळायचं नाही हे कलम त्यांनाही ठाऊक असणार. मी पळाले.

पिशवी भरलेलीच होती. फाट्याच्या वाटेला लागलो तेव्हा आई दारातही आली नाही. तिला रडू आवरत नव्हतं. माळवदे कुटुंब बायकांची पंगत बसायच्या आत फलटणला निघून गेलं. जाताना माळवदेबाई म्हणाल्या म्हणे, “शांत आहे पोरगी, पण धांदरट.” तो शब्द गावात पुढं तीन-चार वर्षं मला चिकटून राहिला आणि तेवढी वर्षं दुसरं कुणी मला बघायलाही आलं नाही. माझ्या शिक्षणाला ते बरंच झालं, पण आईला ते पटायला माझा पहिला पगार यावा लागला.

वाटेत अण्णा भराभर पुढे चालत होते. माझी पिशवी त्यांच्या हातात, मी मागे डावा पाय ओढत. त्यांनी एकदोनदा वळून माझ्या पायाकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणार, आता सोलून काढणार. फाट्यावर पोचलो तेव्हा एसटी लांब वळणावर धूळ उडवत येत होती. अण्णांनी खिशातलं पत्र चाचपलं.

“माळवद्यांचा पोरगा हसला,” ते म्हणाले.

“कधी?”

“तू पडलीस तेव्हा. मी बघितलं.” त्यांनी टोपी नीट केली. “वर पाणी आणायला उठला न्हाई ते न्हाईच.”

एवढंच. त्यावर पुन्हा कधी विषय निघाला नाही. मी शिक्षिका झाले, पुढे लग्न झालं, ते पाणी आणणाऱ्या माणसाशी, पुढे मुख्याध्यापिका झाले. गुरुजी दोन वर्षांनी गेले. त्या दिवशीची खरी हकीकत मी कुणालाच सांगितली नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाची लाज माझ्यापाशी ठेव होती. अण्णांनाही सांगितली नाही. त्यांना वाटत असणार, पोरगी धांदरटपणे पडली आणि नशिबाने गाडी मिळाली. वाटू दे, म्हटलं.

परवा-परवापर्यंत मी याच समजुतीत होते. म्हणजे माझ्या भाच्याच्या लग्नापर्यंत.

कऱ्हाडचं मोठं कार्यालय. सगळीकडे खुर्च्या-टेबलं, ताटं घेऊन हिंडणारी माणसं. अण्णा ब्याऐंशीचे. पण त्यांनी हट्ट धरला, की मी उभ्यानं जेवणाऱ्यांतला नाही. शेवटी एका कोपऱ्यात सतरंजी घालून त्यांच्या वयाच्या सात-आठ जणांची पंगत बसवली. अण्णा टोकाला. डोक्यावर टोपी.

मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला व्याह्यांशी बोलत होते. तासाभराने माझा धाकटा भाऊ आला. “अक्का, अण्णा तुला बोलावतायत. बाकी सगळ्यांचं झालंय, ते खोळंबून बसलेत, आणि हे मठ्ठ्यावर मठ्ठा मागतायत. कुणी जवळ गेलं की कोटांच्या गोष्टी सांगतात.”

मी गेले. अण्णांच्या पुढ्यात तीन वाट्या मठ्ठा होता, काठोकाठ. डावा हात सतरंजीवर दाबलेला. मला बघून त्यांनी मला खाली वाकायची खूण केली. मी वाकले. माझ्या छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली.

“काय हवंय, अण्णा?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. सगळे ऐकायच्या टप्प्याबाहेर आहेत याची खात्री करून घेतली.

“सिंधू,” ते हळूच म्हणाले, “जरा हितं पडतीस का?”

सदतीस वर्षं. फाट्याची ती वाट, वळून वळून माझ्या पायाकडे बघणारे अण्णा, माझी पिशवी धरलेला त्यांचा हात, सगळं एकदम समोर आलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“मांडवात उजवा पाय, आन फाट्यावर डावा,” अण्णा म्हणाले. टोपी नीट करत त्यांनी चेहरा पुन्हा चारचौघांतला केला. “या खेपेला आधी ठरवून घे. कुठला?”

“उजवा,” मी म्हटलं, आणि पडले.